मागच्या सीटचा बेल्ट आणि व्होल्वोचं गाव

आपल्याकडे व्होल्वो म्हटलं की आधी बस आठवते. पुणे-दादर शिवनेरीला लोक सरळ व्होल्वोच म्हणतात, आणि ट्रॅव्हल्सवाल्यांकडे तर कुठल्याही बऱ्यापैकी एसी बसला व्होल्वो म्हणायची पद्धत आहे. मलाही इथे स्वीडनमध्ये गोथेनबर्गला येईपर्यंत तेवढंच माहीत होतं. व्होल्वोच्या कार भारतात २००७ पासून मिळतात, पण आपल्यासारख्यांच्या ओळखीत कोणाकडे असायचं कारण नव्हतं. इथे मात्र बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये दर तिसरी-चौथी गाडी व्होल्वो, ती पण जुनी, चौकोनी, लांबलचक डिकीची. सुखी मध्यमवर्गीय माणसाचं वर्णन स्वीडिश लोक 'व्होल्वो, व्हिला, व्हॉव्हे' असं करतात, म्हणजे गाडी, बंगला आणि कुत्रा. आमच्याकडे त्यातली फक्त गाडी आहे, सेकंडहँड व्ही७०, आणि ती घेतल्यापासून मी या कंपनीच्या इतिहासात जी शिरले ती अजून बाहेर आलेली नाही. (नवरा आयटीत आहे, व्होल्वोत नाही, म्हणजे हे घरचं कौतुक नाही.)

एक आधी सांगून टाकते कारण प्रत्येक जण विचारतो. बस आणि ट्रक बनवणारी व्होल्वो वेगळी आणि कार बनवणारी वेगळी. आधी एकच होती, १९९९ मध्ये कारचा धंदा फोर्डला विकला, आणि २०१० मध्ये फोर्डने तो चीनच्या जीलीला विकला. मालक बदलले तरी कारचं डिझाइन आणि टेस्टिंगचं मुख्य काम इथेच, गोथेनबर्गच्या हिसिंगेन बेटावर चालतं.

बाबा गेल्या उन्हाळ्यात आले होते. ते चिंचवडच्या एसकेएफमधून रिटायर झालेत, सगळं आयुष्य बेअरिंगमध्ये गेलं, त्यामुळे एसकेएफचं मूळ गाव बघायची त्यांना फार इच्छा होती. ते इथेच आहे, गोथेनबर्गमध्ये. आणि मी त्यांना सांगितलं की बाबा, व्होल्वो पण तुमच्या एसकेएफचीच पोर आहे, तर त्यांचा विश्वासच बसेना. पण खरंय ते. व्होल्वो हे नाव एसकेएफने १९१५ मध्येच रजिस्टर करून ठेवलं होतं, बेअरिंगसाठी. मग एसकेएफमध्येच सेल्स सांभाळणारे असार गाब्रिएलसन आणि इंजिनीअर गुस्ताफ लार्सन या दोघांनी कार बनवायचं मनावर घेतलं, एसकेएफने पैशाचा आधार दिला, आणि १४ एप्रिल १९२७ ला पहिली गाडी कारखान्यातून बाहेर पडली. वर उघडी, चार सिलिंडरची, ओळखीत सगळे तिला याकोब म्हणायचे. स्वीडनच्या थंडीत वर उघडी गाडी कोण घेणार, पहिल्या वर्षी २९७ च विकल्या. बाबा त्या दिवशी दिवसभर खुशीत होते, चिंचवडच्या ग्रुपवर फोटो वगैरे टाकले.

सेफ्टीची गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू होते ती दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी. १९४४ मध्ये त्यांनी पीव्ही४४४ दाखवली, तिला पुढची काच लॅमिनेटेड होती, म्हणजे फुटली तरी तुकडे तोंडावर येत नाहीत. पण मला ज्या माणसाबद्दल मनापासून सांगायचंय तो निल्स बोलिन. हा साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करायचा. १९५८ मध्ये व्होल्वोचे प्रमुख गुन्नार एंगेलाउ यांनी त्याला आणलं आणि सेफ्टीचं काम दिलं. त्या वेळी गाड्यांमध्ये बेल्ट असलेच तर पोटावरून जाणारे दोन टोकांचे, आणि जोराचा अपघात झाला की त्याच बेल्टने आणि त्याच्या बकलने आतल्या अवयवांना इजा व्हायची. शिवाय वरचं शरीर मोकळंच. बोलिनचा अनुभव असा की पायलट जिवासाठी कितीही पट्टे आवळून घेतील, पण साधा माणूस ऑफिसला जाताना एक मिनिट सुद्धा त्रास सहन करणार नाही. त्यामुळे त्याने एका हाताने, न बघता लागेल असा बेल्ट बनवला, एक पट्टा छातीवरून, एक कमरेच्या हाडांवरून, आणि दोन्ही येऊन मिळतात सीटच्या बाजूला खाली, कुल्ल्यापाशी. तो बकलचा पॉइंट पोटावर न येता खाली बाजूला गेला हीच सगळी करामत आहे. ऑगस्ट १९५९ मध्ये तीन पॉइंटचा बेल्ट असलेली पहिली गाडी गिऱ्हाइकाला गेली.

आणि मग कंपनीने पेटंट घेऊन सुद्धा ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कोणीही वापरा. आज आपण कुठल्याही गाडीत बसा, मारुती असो, टाटा असो, ओला-उबर असो, खांद्यावरून कमरेकडे जो पट्टा येतो तो बोलिनचा. या बेल्टने दहा लाखांहून जास्त जीव वाचले असा व्होल्वोचा स्वतःचा अंदाज आहे. मला इतिहासात इतकी मोठी आणि इतकी साधी गोष्ट फार कमी दिसते.

गंमत म्हणजे बेल्ट दिला म्हणून लोकांनी लावला असं झालं नाही, स्वीडनमध्ये सुद्धा नाही. मग कंपनीने पुरावा गोळा केला. एका वर्षात स्वीडनमध्ये व्होल्वोच्या गाड्यांचे जे अपघात झाले, त्यातले २८,००० तपासून बोलिनने १९६७ मध्ये अमेरिकेत रिपोर्ट मांडला. बेल्ट न लावलेली माणसं अगदी कमी स्पीडला सुद्धा गेली होती, आणि बेल्ट लावलेला एकही माणूस ताशी साधारण ९५ किलोमीटरच्या खालच्या अपघातात दगावला नव्हता. पुढच्या सीटवर बेल्टची सक्ती इथे १९७५ ला आली, म्हणजे शोध लागल्यावर सोळा वर्षांनी. आपल्याकडे लोक ऐकत नाहीत म्हणून जे वैतागतात त्यांनी हे लक्षात ठेवावं, इथले लोक काही जन्मतः शहाणे नव्हते.

माझ्या मते व्होल्वोचं सगळ्यात मोठं काम बेल्टच्या पण पुढचं आहे, ते म्हणजे अपघात बघायला जाणं. १९७० पासून त्यांची एक टीम आहे, गोथेनबर्गच्या आसपास व्होल्वोच्या गाडीला मोठा अपघात झाला की ही माणसं जागेवर जातात, रात्री-अपरात्री सुद्धा. गाडी किती दबली, रस्त्यावर खुणा कुठे आहेत, सीट कशी वाकली, आतल्या माणसांना कुठे काय लागलं, ते कुठल्या सीटवर होते, उंची-वजन किती, हे सगळं नोंदवतात, मग परवानगी घेऊन दवाखान्याचे कागद बघतात. अशा ४०,००० च्या वर गाड्या आणि ७०,००० च्या वर माणसांची नोंद जमली आहे. लॅबमध्ये डमी, म्हणजे माणसाचे पुतळे, बसवून गाडी ठोकणं सगळ्याच कंपन्या करतात, पण लॅबमध्ये जे ठरवून करता तेच दिसतं. रस्त्यावर ओला बर्फ असतो, झाड असतं, ट्रक असतो, माणूस मागे वळून पोरांशी बोलत असतो. या नोंदींमधूनच कळलं की मागून धडक बसली की बायकांना मानेची दुखापत पुरुषांपेक्षा जास्त होते, आणि मग १९९८ मध्ये अशी सीट आली की मागून धक्का बसला की तिची पाठ माणसाला घेऊन थोडी मागे सरकते आणि मानेचा झटका कमी होतो. बायकांच्या शरीराचा हिशोब गाडीच्या डिझाइनमध्ये कोणी तरी धरलाय हे वाचून मला खरंच बरं वाटलं. २०१९ मध्ये त्यांनी या विषयावरचं आपलं इतक्या वर्षांचं संशोधन सगळ्यांना वाचायला खुलं करून टाकलं.

आता आमच्या गाडीबद्दल. लेक झाली तेव्हा इथल्या नर्सने पहिल्यांदाच सांगितलं की मूल गाडीत उलटं बसवायचं, म्हणजे तोंड मागच्या काचेकडे, आणि ते निदान चार वर्षांचं होईपर्यंत. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं पाय दुमडतात की गं तिचे, आणि तुझं तोंड पण दिसणार नाही तिला." दुमडतात, पण पोरांना त्याचं काही नसतं, मांडी घालून मस्त बसतात. कारण असं की लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक, समोरून धडक बसली की पुढे तोंड असलेल्या मुलाचं डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. उलटं बसवलं तर पाठ, मान, डोकं सगळं सीटमध्ये दाबलं जातं. ही कल्पना बर्टिल आल्डमन या स्वीडिश डॉक्टरची, अंतराळवीरांना पाठीवर झोपवून वर पाठवतात त्यावरून त्याला सुचली आणि १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत त्याने पहिली सीट तपासून बघितली.

पोरगी मोठी झाल्यावर मला व्ही७० ची जी गोष्ट सगळ्यात आवडली ती मागच्या सीटमध्येच लपलेली आहे. सीटच्या पुढच्या कडेला खाली एक हँडल आहे, ते ओढलं की बसायच्या जागेचा मधला भाग उचलून वर येतो आणि खट्ट करून बसतो, आणखी एकदा केलं की दुसऱ्या उंचीला बसतो. मूल त्यावर बसलं की बेल्ट गळ्याला न घासता खांद्यावरून जातो, आणि खालचा पट्टा पोटावर न येता मांडीच्या मुळाशी, हाडावर बसतो. वेगळी सीट विकत घ्यायला नको, शेजारच्यांचं पोर अचानक बरोबर यायचं म्हणालं तरी वर उचललं की झालं. असं उंच करणारं कुशन व्होल्वोने १९७८ मध्ये जगात पहिल्यांदा आणलं, आणि हे दोन उंचीचं २००७ मध्ये याच व्ही७० मध्ये. आमची लेक आता स्वतःच हँडल ओढते आणि बेल्ट नीट बसलाय का ते बोटाने चाचपून बघते.

बाकी रोजची गाडी म्हणाल तर शांत गाडी आहे. सीट इतक्या चांगल्या की स्टॉकहोमपर्यंत जाऊन आलं तरी नवऱ्याची कंबर धरत नाही. जुनी गाडी आहे त्यामुळे टायर, ब्रेक, सस्पेन्शन यावर खर्च असतोच, आणि इथले मेकॅनिकचे दर ऐकले की चिंचवडचे गॅरेजवाले आठवतात. जंगलातल्या रस्त्यावर संध्याकाळी मी मात्र हळू चालवते, कारण एल्क. हे हरणाच्या जातीचं जनावर घोड्याहून उंच, पाय लांब, धडकलं की पाय बंपरला लागतात आणि सगळं धड काचेवर येतं. व्होल्वोवाले त्याच्यासाठी पण वेगळी टेस्ट करतात, एल्कची डमी बनवून.

गाडी टिकवण्याबद्दल बोलायचं तर अमेरिकेतल्या अर्व गॉर्डनचं नाव घ्यायलाच हवं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला शाळेत सायन्स शिकवायचे. १९६६ मध्ये व्होल्वोची लाल पी१८०० घेतली आणि २०१३ मध्ये त्याच एका गाडीवर ३० लाख मैल पूर्ण केले, म्हणजे ४८ लाख किलोमीटर. गिनीज रेकॉर्ड आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं, मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते करा, ऑइल वेळेवर बदला. २०१८ मध्ये ते गेले.

सगळंच गोड नाही हे पण लिहायला हवं. १९९० मध्ये अमेरिकेत एक जाहिरात केली होती, राक्षसी चाकांचा ट्रक एका ओळीतल्या गाड्या चिरडत जातो आणि फक्त व्होल्वो शाबूत राहते. नंतर कळलं की शूटिंगसाठी व्होल्वोला आतून आधार दिला होता आणि बाकी गाड्यांचे खांब कमजोर केले होते. टेक्सास राज्याने प्रकरण धरलं, जाहिरात मागे घ्यावी लागली, माफी मागावी लागली. ज्यांच्याकडे हजारो खऱ्या अपघातांचा पुरावा होता त्यांना हे करायची काहीच गरज नव्हती, मला अजून त्याचा राग येतो. आणि २००७ मध्ये त्यांनी जाहीर केलं होतं की २०२० पर्यंत नव्या व्होल्वोत कोणी मरणार नाही की गंभीर जखमी होणार नाही. नंतर त्यांनीच मान्य केलं की नुसत्या टेक्नॉलॉजीने शून्यावर जाता येणार नाही, स्पीड, दारू आणि ड्रायव्हिंग करताना लक्ष नसणं हे तीन राहतातच, म्हणून २०२० पासून नव्या गाड्यांचा टॉप स्पीड १८० वर बांधला. लोकांनी शिव्या घातल्या. मला तो निर्णय पटतो.

बाबांना मात्र या सगळ्यापेक्षा एकच गोष्ट खटकायची, मागे बसल्यावर बेल्ट. "मागे कोण लावतं गं, आपल्याकडे पोलीस पण विचारत नाहीत." मी त्यांना टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्रींच्या अपघाताची आठवण करून दिली. ४ सप्टेंबर २०२२, पालघरमध्ये चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल, गाडी महागडी, एअरबॅगवाली. पुढचे दोघं बेल्ट लावलेले (चालवणाऱ्या बाईंनी तो नीट लावला नव्हता असं पोलिसांनी नंतर सांगितलं), ते वाचले. मागचे दोघं बिनबेल्टचे, दोघंही गेले. त्यानंतर मुंबई पोलिसांनी मागच्या बेल्टची सक्ती केली ती १ नोव्हेंबर २०२२ पासून. बाबा काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून लावायला लागले, आणि नातीने तपासल्याशिवाय गाडी सुटायची नाही.

परत गेल्यावर त्यांनी स्वतःच्या गाडीत बघितलं तर मागचे बकल सापडेनात. सीट कव्हर घालताना माणसाने ते खाली दाबून वरून कव्हर ओढून टाकलेलं. हे आपल्याकडे सर्रास आहे, टॅक्सीत तर नव्वद टक्के वेळा असंच असतं असं मला वाटतं. बाबांनी कव्हरवाल्याकडे जाऊन तिन्ही जागी कट मारून घेतले आणि बकल वर काढले, अर्ध्या तासाचं काम. तुम्ही नवीन कव्हर घालणार असाल तर तिथेच उभं राहून सांगा, आणि पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग लिहिलेलं छोटं लेबल असेल तर त्या सीटला साधं कव्हर अजिबात घालू नका, ती एअरबॅग सीटच्या शिवणीतून फुटून बाहेर येते आणि कव्हर तिला अडवतं. बाजूचं शिवण मोकळं ठेवलेलं किंवा तिथे फाटेल असं शिवलेलं कव्हर मिळतं, तेच मागा.