पाच आघातांची चौकट आणि हवानाचे रॅप

रॅपच्या मागे कोंगा हा हाताने वाजवायचा उंच क्युबन ढोल वाजवला, पालुपदात ट्रंपेटची एक तान सोडली आणि मुखपृष्ठावर हवानाच्या रस्त्यावरची जुनी अमेरिकन मोटार छापली, की 'क्युबन हिप-हॉप' तयार होते, अशी बाजाराची समजूत दिसते. अशा अल्बमांची संख्या कमी नाही आणि त्यांतले बरेचसे मी निगुतीने ऐकले आहेत. वाद्ये अस्सल असतात, वादकही कसलेले असतात, तरीही दोन संगीते एकमेकांना न ओळखणाऱ्या प्रवाशांसारखी शेजारी बसून राहतात. खरी मिसळण घडते ती तालाच्या मांडणीत, आणि ती घडली आहे की नाही हे कळण्यासाठी आधी क्लावे समजून घ्यावा लागतो.

क्लावे म्हणजे कठीण लाकडाच्या दोन आखूड दांड्या, आणि त्यांवर वाजणाऱ्या पाच आघातांच्या आवर्तनालाही तेच नाव आहे. चार मात्रांचे एक आवर्तन 16 सूक्ष्म भागांत विभागले, तर 'सोन' या क्युबाच्या पूर्वेकडील गानप्रकारात हे आघात 1, 4, 7, 11 आणि 13 या जागी पडतात. रुम्बा या ढोलांच्या साथीने गायच्या-नाचायच्या प्रकारात तिसरा आघात एक घर पुढे, म्हणजे आठव्या जागी सरकतो, आणि एवढ्याशा बदलाने सगळ्या वाजवण्याचा डौल पालटतो. गायक, त्रेस ही गिटारसारखी क्युबन तंतुवाद्य वाजवणारा, बासवाला, कोंगावाला अशा साऱ्यांचे वाक्य या चौकटीला धरून चालते. आपल्या मैफलीत सम चुकली की जाणकारांच्या माना जशा थबकतात, तसेच तिथे कुणी क्लावेच्या उलट्या अंगाला जाऊन वाजवू लागला की वादक एकमेकांकडे पाहतात.

आता यावर हिप-हॉपचा ठेका ठेवून पाहावा. त्याचा किक, म्हणजे पायाने वाजणारा जाड आवाजाचा ड्रम, पहिल्या मात्रेवर ठासून पडतो आणि स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर, म्हणजे आपल्या 16 घरांपैकी 5 आणि 13 या घरांत. तेराव्या घरात क्लावे आणि स्नेअर एकत्र येतात, पहिल्यात क्लावे आणि किक एकत्र येतात. मधल्या पट्ट्यात मात्र ओढाताण आहे: क्लावेचा दुसरा आघात स्नेअरच्या अगदी एक घर आधी पडतो आणि त्यानंतरचे दोन्ही आघात ठेक्याच्या फटीत पडतात. सोनमधला बास तर याहूनही हट्टी असतो. 'तुंबाओ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या चालीत पहिल्या मात्रेवर बहुधा आघातच नसतो. मात्रा येण्याच्या आतच पुढच्या कॉर्डचा स्वर लावून तो मोकळा होतो आणि तो स्वर समेवरून पलीकडे तसाच लांबवतो. म्हणजे हिप-हॉप ज्या जागेवर सगळा भार टाकते, नेमकी तीच जागा क्युबन बास रिकामी ठेवतो. ज्याला ही अडचण जाणवतच नाही, त्याच्या फ्यूजनमध्ये कोंगा केवळ नक्षीकाम करत राहतो.

'ओरिशास' या गटाने 1999 साली 'आ लो कुबानो' हा अल्बम काढला, तेव्हा ही अडचण त्यांनी फार हुशारीने हाताळली, असे मला वाटते. गटातले योतुएल आणि रुसो हे हवानाच्या 'आमेनासा' या रॅप गटातून पॅरिसला आलेले होते, तर रोल्दान गोन्सालेस हा गिटार घेऊन सोन आणि बोलेरो ही संथ प्रेमगीते गाणारा गायक होता. त्या अल्बममधल्या '537 सी.यू.बी.ए.' या गाण्याचे नाव म्हणजे क्युबाचा 53 आणि हवानाचा 7 हे दूरध्वनी संकेतांक. गाणे परदेशात बसून घरी फोन लावण्याच्या भावनेतून आलेले आहे, आणि ते उभे आहे क्युबाचे ज्येष्ठ गायक-गिटारवादक कोंपाय सेगुंदो यांच्या 'चान चान' या सोनवर.

निवड सोपी वाटते, कारण 1996 मध्ये हवानाच्या एग्रेम स्टुडिओत ध्वनिमुद्रित होऊन 1997 मध्ये आलेल्या 'बुएना व्हिस्ता सोशल क्लब' या अल्बममुळे 'चान चान' जगभर पोहोचलेले होते, आणि तो व्यापारी हिशेब पॅरिसमध्ये कुणाच्या मनात नसेल असे मानण्याइतका मी भाबडा नाही. परंतु निवडीला सांगीतिक कारणही तितकेच भक्कम आहे. 'चान चान'मध्ये डी मायनर, एफ, जी मायनर आणि ए असे चारच कॉर्ड आहेत आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत गोल फिरत राहतात. दुसरा भाग नाही, स्वरांतर नाही, विसावा नाही. ऐंशीच्या दशकात, वयाची सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थाने गिटारवर हे जे रचले, ते रचनेच्या दृष्टीने लूपच, म्हणजे पुनःपुन्हा फिरणारा तुकडाच आहे. लूपवर बोलत राहणे हा रॅपचा धर्म; त्यामुळे रॅपरला इथे गाण्याची मोडतोड करावी लागली नाही. पालुपदात रोल्दानचा आवाज येतो तेव्हा सोन बाहेरून चिकटवल्यासारखे वाटत नाही. सोनमध्येही गाण्याच्या उत्तरार्धात, मोंतूनोमध्ये, एक ओळ समूहाने पुनःपुन्हा म्हणायची आणि मधल्या जागेत मुख्य गायकाने उत्स्फूर्त भर घालायची असतेच. रॅपर त्या मधल्या जागेत आला, इतकेच.

हे सारे पॅरिसमध्ये घडले, याचे महत्त्व कमी लेखू नये. त्याच सुमारास हवानात परिस्थिती अगदी निराळी होती. शहराच्या पूर्वेला आलामार ही प्रचंड वसाहत आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या चौकोनी इमारती पुढे त्यांत राहणाऱ्या कामगारांच्याच पथकांनी बांधल्या. समुद्रापलीकडच्या मायामीची रेडिओ केंद्रे तिथल्या गच्च्यांवर तारा बांधून पकडता येत असत, आणि त्या खरखरत्या प्रसारणातून हिप-हॉप क्युबात शिरले. 1995 मध्ये आलामारला पहिला रॅप महोत्सव भरला. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरचे ते टंचाईचे दिवस होते, विजेचीही शाश्वती नसे, आणि 1962 पासूनची अमेरिकेची व्यापारबंदी होतीच. जुन्या गाण्यांचे तुकडे उचलून वाजवणारे सॅम्पलर हे यंत्र आणायचे कुठून?

या टंचाईतून जो उलटा प्रकार घडला, तो मला या सगळ्या कथेत सर्वांत रंजक वाटतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील मुलांकडे वाद्ये आणि शिक्षक नव्हते, म्हणून त्यांनी दोन टर्नटेबल आणि जुन्या तबकड्यांमधून संगीत घडवले. हवानात यंत्रे दुर्मीळ आणि वादक मुबलक होते, कारण सरकारी संगीतशाळांतून वर्षानुवर्षे उत्तम प्रशिक्षित तरुण बाहेर पडत होते आणि रुम्बा तर चाळीचाळीत वाजत होता. बरेच गट परदेशी वाद्यमेळाच्या कॅसेटवर, तिकडे 'बॅकग्राउंड' म्हणतात त्यावर, रॅप करत. पण ज्याला स्वतःचा ध्वनी हवा, त्याला शेजारच्या कोंगावाल्याला हाक मारणे स्वस्त पडे. पाब्लो एरेरासारख्या निर्मात्याने मोजक्या यंत्रांच्या आधारे अनेक गटांना ठेके बांधून दिले, आणि त्यांत आफ्रो-क्युबन पूजेतले बाता ढोल, रुम्ब्याचे तुकडे हे घटक आपसूक आले. रुम्ब्याचा स्वतःचा इतिहासही असाच आहे. मातान्सास आणि हवानाच्या गोद्यांमध्ये खारवलेल्या माशांची खोकी हीच पहिली तालवाद्ये होती.

शब्दांच्या अंगाने तर जमीन आधीच नांगरलेली होती. क्युबाच्या ग्रामीण भागात 'पुंतो' नावाच्या गायनप्रकारात दोन कवी समोरासमोर उभे राहून आठ-आठ अक्षरांच्या दहा ओळींचे कडवे, म्हणजे देसिमा, जागच्या जागी रचतात आणि एकमेकांना चीत करू पाहतात. यमकांची रचनाही ठरलेली असते: पहिली ओळ चौथी-पाचवीशी, दुसरी तिसरीशी, सहावी सातवीशी आणि दहावीशी, आठवी नववीशी. युनेस्कोने 2017 मध्ये पुंतोला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. रुम्ब्याला ते एक वर्ष आधी मिळाले होते. उत्स्फूर्त रॅपची झुंज पाहिलेल्या माणसाला या कवींची झुंज परकी वाटणार नाही. मात्र आलामारच्या मुलांना पुंतो हे गोऱ्या शेतकऱ्यांचे, दूरदर्शनवरच्या कंटाळवाण्या कार्यक्रमांचे संगीत वाटे, हेही नोंदवायला हवे. वारसा घरात असून उपयोग नाही. तो आपला वाटावा लागतो.

यामुळेच 'ओरिशास' परदेशात गाजले तेव्हा हवानाच्या रॅपवर्तुळात आनंदाबरोबर कुरकुरही झाली. सोन घातले की पर्यटक खूष, परदेशी कंपनी खूष आणि 'राष्ट्रीय संस्कृती'चा मान राखला म्हणून अधिकारीही खूष. पण काळ्या तरुणाला पोलिस रस्त्यात अडवून ओळखपत्र मागतात, हे सांगायला क्लावेची काय गरज, असा तो सवाल होता. सरकारने 2002 मध्ये 'आहेन्सिया कुबाना दे राप' ही संस्था काढली, तेव्हा तो सवाल अधिकच टोकदार झाला. मला तो रास्त वाटतो. कडवट मजकुराला गोड पालुपद लावल्याने धार बोथट होऊ शकते, आणि ती झालेली उदाहरणे 'ओरिशास'च्या नंतरच्या अल्बमांतही सापडतात. 'ओब्सेसिओन' या माहिया लोपेस आणि आलेक्सेई रोद्रीगेस यांच्या जोडीने मात्र आफ्रो-क्युबन ताल आणि वर्णभेदाविषयीचे परखड बोल एकत्र ठेवून दाखवले. तेल्मारी दियास हिच्या 2007 च्या 'आ दियारिओ'मध्ये जॅझ शिकलेले वादक आणि तिची बोलण्याच्या जवळ जाणारी शैली इतकी एकजीव आहे, की रॅप कुठे संपते हे सांगणे अवघड जावे.

नंतर स्वस्त संगणक आले, त्यांच्याबरोबर रेगेटॉन हे कॅरिबियन नृत्यसंगीत आले आणि रॅपचा श्रोता बघताबघता तिकडे गेला. रॅपप्रेमी याबद्दल अजून हळहळतात. पण रेगेटॉनचा ठेका तीन-तीन-दोन अशा गटांचा असतो, आणि क्लावेच्या पूर्वार्धातले आघातही 1, 4, 7 असेच आहेत. पुढे हवानाच्या गरीब वस्त्यांतून या रेगेटॉनचे 'रेपार्तो' नावाचे स्थानिक रूप निघाले, तेव्हा घरच्या संगणकावर ठेके बांधणाऱ्या पोरांनी उरलेले दोन आघातही जागेवर आणून बसवले. गाण्यांतले शब्द बहुतेकदा शिवराळ असतात, गाणे ओरडून म्हटले जाते, आणि संगीतशाळेतल्या गुरुजींना ते ऐकवत नाही. क्लावे मात्र तिथे, कित्येक सभ्य फ्यूजन अल्बमांपेक्षा, अधिक सरळ बसलेला आहे.