पन्नासची लेन्स आणि येळवस

माझा कॅमेरा कॅनन १५००डी, त्याच्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स, अन् दोन वर्षं सगळं त्याच्यावरच चाललं होतं. मागच्या दिवाळीनंतर थोडे पैसे जमले तशी ५० एमएम एफ १.८ घेतली, एसटीएमवाली, कारण प्राईममध्ये, म्हणजे झूम नसलेल्या लेन्समध्ये, हीच आपल्याला परवडण्यासारखी. एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं छिद्र मोठं. पहिल्या आठवड्यात वाटलं की पीसच खराब आलाय. घरात बायकोचे, पोरीचे साठेक फोटो काढले अन् कॉम्प्युटरवर मोठे करून बघतो तर निम्म्याहून जास्त फोटोत डोळे धूसर, कुठं कान शार्प, कुठं फ्रॉकचं बटण शार्प, चेहरा मात्र गेलेला.

तशीच डब्यात घालून दुकानात परत नेली. दुकानदारानं वाद घातला नाही. माझाच कॅमेरा काउंटरवर ठेवला, समोर एक मोजपट्टी कॅमेऱ्यापासून लांब जाईल अशी सपाट ठेवली अन् १५ च्या आकड्यावर फोकस करून फोटो काढला. मोठा करून दाखवला तर १५ एकदम कडक, पुढं-मागं एक-दोन आकडे बरे, बाकी सगळं विरघळलेलं. म्हणाला, "लेन्स बरोबर हाय साहेब. फोकस कुठं धर म्हणून तुम्ही कॅमेऱ्याला सांगितलंय का?"

सांगितलं नव्हतंच. या कॅमेऱ्यात फोकसचे ९ पॉईंट आहेत अन् ते सगळे ऑटोवर होते, म्हणजे जे सगळ्यात जवळ असेल ते कॅमेरा बहुतेक वेळा धरणार. किट लेन्सवर हे कधी कळलंच नाही, कारण तिचं छिद्र ५५ ला ५.६ च्या पुढं उघडतच नाही, पुढं-मागं शार्प राहणारा पट्टा बऱ्यापैकी मिळतो. पन्नासला १.८ वर एक मीटरवरून फोटो काढला तर शार्प पट्टा जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा. नाकावर फोकस गेला की डोळे गेलेच म्हणून समजा. त्या दिवसापासून एकच पॉईंट, तोही डोळ्यावर सरकवून, अन् दोघं जण असले तर छिद्र लहान करून एफ २.८ किंवा ४. मधल्या पॉईंटनं डोळा धरून मग कॅमेरा हलवून फ्रेम करायची सवय पण सोडली, १.८ वर तेवढ्या हलण्यानं सुद्धा फोकस सुटतो.

मग ठरवलं की महिनाभर किट लेन्स कपाटात. संध्याकाळी लातूरच्या गंजगोलाई बाजारात जायचो. १६ रस्ते जिथं येऊन मिळतात ती गोलाई या लेन्समध्ये मावायचं नावच नाही, कारण माझ्या छोट्या सेन्सरवर ५० ची लेन्स ८० सारखी, म्हणजे अजून अरुंद बघते. उभा माणूस पायापासून डोक्यापर्यंत बसवायचा तर चार मीटर मागं सरकावं लागतं, अन् बाजारात मागं सरकलं की मागं कुणाची तरी हातगाडी असतीच. पहिले चार-पाच दिवस लई चिडचिड झाली, बोटं आपोआप झूमची रिंग शोधायची. नंतर हळूहळू पाय आधी चालायला लागले, कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच अंदाज यायला लागला की इथून एवढंच बसणार. एक पालेवाल्या मावशी होत्या, मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या. किट लेन्स असती तर लांबूनच झूम करून निघून आलो असतो. इथं दीड मीटरवर जाऊन उभं राहावं लागलं, म्हणजे आधी बोलणं आलं, विचारणं आलं, दोन जुड्या घेणं पण आलं. तो फोटो अजून माझ्या आवडत्या फोटोंत आहे.

खरी परीक्षा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला झाली. आमच्याकडं लातूर-धाराशिवात मार्गशीर्ष अमावस्येला गाव अन् शहर सगळंच शेतात असतं. सकाळी कडब्याच्या पेंढ्यांचा कोप उभा केलेला, आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, बाहेर झगझगीत ऊन अन् आत अंधार. कोपात मागं सरकायला जागाच नाही, पाठीला कडबा टोचायला लागला. पांडवांचा पूर्ण फोटो येईना, आजीचा बसलेला पूर्ण फोटो येईना. शेवटी पूर्णाचा नादच सोडला अन् आजी आंबिलीच्या मडक्यात पळी घालून ढवळत होती ते बघत बसलो. मनगटावरचं गोंदण, हिरव्या बांगड्या, पळीवरून सुटणारी आंबिलीची धार. पुढं झुकलो तर फोकसच लागेना, ही लेन्स ३५ सेंटीमीटरच्या आत धरत नाही, मग थोडं मागं आलो. आजी म्हणली, "आरं किती जवळ येलालास, सांडंल की आंबील!" तेवढ्यात बटण दाबलं. एफ २.२ वर, शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाला. गोंदणाचा ठिपका न् ठिपका दिसतोय त्यात.

जेवणं झाली, भज्जी-उंडे-खीर खाऊन सगळे बांधावर लोळले. शिवारात आंबील शिंपडताना "ओलगे ओलगे सालम पलगे" ओरडत पळणाऱ्या पोरांच्या मागं मी पण पळालो, त्यातले बरेच फोटो वाया गेले, पळणाऱ्या पोरावर १.८ नं फोकस टिकवणं मला अजून जमत नाही. पण दिवस मावळल्यावर चुलत्यांनी हेंडगा (पेंढीचा जाळ) पेटवला अन् त्या उजेडात ही लेन्स जे करते ते बघून मी थक्क झालो. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) १६००, एफ १.८, शटर १२५. चेहरा अर्धा लाल, मागं काळी ज्वारी अन् तिच्यावर ठिणग्यांचे गोल गोल ठिपके. किट लेन्स ५५ ला याच्या दहाव्या हिश्श्याएवढाच उजेड आत घेते, म्हणजे तोच फोटो काढायला आयएसओ १६ हजारांच्या आसपास न्यावा लागला असता, अन् या कॅमेऱ्यात तेवढा नाहीच.

आजीच्या हाताचा फोटो मोठा प्रिंट करून गावी नेला. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितला, फोटोतल्या गोंदणावरून बोट फिरवलं, मग म्हणली, "लई चांगला आलाय रं. पण शेत कुठाय ह्याच्यात?"

येत्या येळवशीला १८-५५ पण पिशवीत घेणार आहे. गेल्या गेल्या आधी कोप, बांध, ज्वारी अन् सगळे जण बसवून एक फोटो आजीला काढून देणार, मग पन्नास लावणार.