तोटी तेवढी परत आली

२०१९ च्या दिवाळीत माझ्या माळ्यावर चढलेली नणंद वरूनच म्हणाली, "वहिनी, तू लोकांची घरं आवरून दे, लोक पैसे मोजतील." मी तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळत होते. अठरा वर्षं बिन कार्डं, म्हणजे रॅकवरच्या कप्प्याकप्प्यातल्या मालाची नोंदपत्रकं, लिहिली. कुठला बोल्ट कुठल्या रॅकवर, हे झोपेतही सांगितलं असतं. नोकरी सोडली, नणंदेलाच भागीदार केलं आणि पाडव्याचा मुहूर्त धरला. तो पाडवा २५ मार्च २०२० चा. आदल्या रात्री बारापासून देश बंद! छापून आणलेली दोन हजार पत्रकं आमच्याच पलंगाखाली गेली. धंद्यातली पहिली अडगळ आमची स्वतःची.

पहिलं काम मिळालं ते वर्षअखेरीला, सिंहगड रोडला. बाई घरून काम करत होत्या आणि टेबल मांडायला जागा नव्हती. आम्ही बोहरी आळीतून प्लास्टिकचे पारदर्शक डबे रिक्षाभर घेऊन गेलो. तीन दिवसांनी निम्मे डबे रिकामेच परत आणले, कारण सामानच तेवढं उरलं नाही. तेव्हापासून आधी काढायचं, मग मापं घ्यायची, डबे अगदी शेवटी. गिऱ्हाईक मात्र अजूनही डब्यांपासूनच सुरुवात करतं.

पुण्यातल्या घरात काय निघतं? श्रीखंडाचे रिकामे डबे, संक्रांतीची वाणं, दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशव्या. एका कपाटात त्रेसष्ट ब्लाउजपीस निघाले. त्यातले निम्मे बाईंना मिळालेले आणि उरलेले देण्यासाठी ठेवलेले, पण कुठले कुठले ते त्यांनाही आठवेना. सगळ्यात अवघड असतात नाव घातलेली स्टीलची भांडी. पातेल्याच्या काठावर आत्याचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. ते बोहारणीला कसं द्यायचं? आत्या जाऊन वीस वर्षं झाली तरी पातेलं जागचं हलत नाही. आम्ही आग्रह करत नाही. नाव घातलेलं एक पातेलं रोजच्या भातासाठी खाली काढून देतो, बाकीच्यांबद्दल लोक आपणहून बोलायला लागतात.

हे शहाणपण आधीपासून नव्हतं. २०२२ मध्ये कोथरूडच्या एका जुन्या फ्लॅटचं काम आलं. मुलगा परदेशात, पैसे तो भरणार, पाडव्याला येणार म्हणून त्याआधी घर मोकळं हवं. आजी आठ दिवस बहिणीकडे साताऱ्याला गेलेल्या. मागच्या गॅलरीत तांब्याचा बंब होता, बूड गळलेला, वर कबुतरांची घाण. मुलाने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाला, "काढून टाका." आम्ही भंगारवाल्याला वजनावर दिला, पावती घेतली, पैसे हिशोबात लावले. सगळं चोख.

आजी आल्या. स्वयंपाकघर पाहून खूष झाल्या, ट्रॉल्या दोनदा उघडून पाहिल्या. मग गॅलरीत गेल्या आणि आतूनच विचारलं, "बंब कुठे गं?" आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. नणंद तशीच स्कूटरवर निघाली. भंगारवाल्याने तांबं तोडून पुढे पाठवलंही होतं. पितळेची तोटी वेगळ्या भावाने जाते म्हणून त्याने ती बाजूला काढून ठेवली होती, तेवढी परत आली. आजींनी चिंच लावून ती घासली आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवली. आम्ही त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. मुलाला ते अजून कळलेलं नाही, तो समजतो की आम्ही बिल पाठवायला विसरलो.

त्यानंतर नियम केला: वस्तू जिची किंवा ज्याची, निर्णय त्याचाच, पैसे कोणीही भरो. यामुळे कामं जातात. सासूबाई काशीयात्रेला गेल्यात तोवर उरकून घ्या, असे फोन दर डिसेंबरला येतात. आम्ही नाही म्हणतो. ज्याचं ठरत नाही ते 'थांबा' लिहिलेल्या खोक्यात जातं, वर तारीख, आणि पुढच्या पाडव्याला घरच्यांनीच ते उघडायचं.

कागदांना आम्ही वेगळा दिवस ठेवतो आणि त्या दिवशी घाई करत नाही. वीजबिलांच्या गठ्ठ्यात सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट सापडतं, लग्नपत्रिकांत मूळ करारनामा. एकदा रद्दीच्या थप्पीतून आजोबांचे कागदी शेअर निघाले. १ एप्रिल २०१९ पासून असे शेअर डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा, केल्याशिवाय विकता येत नाहीत, आणि सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर ते सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. तिथूनही अर्ज करून परत मिळतात, पण कागद हातात असला तर ते सोपं जातं. रद्दीवाल्याने त्याचे किलोवर पैसे दिले असते.

आता आम्ही पाच जणी आहोत. दिवेलागणीनंतर घरातली वस्तू बाहेर देणं बऱ्याच घरांत चालत नाही, म्हणून पाचला काम थांबवतो. दसरा-दिवाळी गर्दीची, एक जानेवारीच्या आधी आयटीवाली मंडळी, मग पाडवा. माझा आवडता काळ विचाराल तर पितृपक्ष. नवी खरेदी बंद असते, त्यामुळे रिकामं केलेलं कपाट निदान पंधरा दिवस रिकामं राहतं.

गेल्या वर्षी कोथरूडची ती इमारत पुनर्विकासाला गेली. आजींनी स्वतः फोन केला. या वेळी मुलगा व्हिडिओ कॉलवर नव्हता. आजी खुर्चीत बसून "हे ठेव, ते दे" सांगत होत्या, दोन दिवसांत एकेचाळीस खोकी बांधून झाली. शेवटच्या खोक्याला चिकटपट्टी लावताना मी विचारलं, "आजी, तोटी कशात ठेवू?"

"ती माझ्या पर्समध्ये आहे," आजी म्हणाल्या. "तुमच्या खोक्यात नको."