मग लिंकनचा पक्ष कुठे गेला?

अटलांटात राहते, त्यामुळे पुण्याहून कुणीही आलं की मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर बाहेरून तरी दाखवावंच लागतं. परतताना गाडीत प्रश्न ठरलेला: "गुलामगिरी संपवणारा लिंकन रिपब्लिकन होता ना? मग इथले कृष्णवर्णीय डेमोक्रॅट्सना मतं कशी देतात? पक्षांनी अदलाबदल केली की काय?"

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. दक्षिणेतलं मिसिसिपी राज्य घ्या. १९३६ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिथे डेमोक्रॅट रूझवेल्टना ९७ टक्के मतं पडली. १९६४ मध्ये रिपब्लिकन गोल्डवॉटरना ८७ टक्के. दोन्ही वेळा मतदार जवळपास सगळे गोरेच. कृष्णवर्णीय माणूस नाव नोंदवायला गेला, की कारकून राज्यघटनेतलं एखादं कलम पुढे करायचा आणि म्हणायचा, अर्थ सांग. सांगितलेला अर्थ बरोबर की चूक, ते ठरवणाराही तोच!

उत्तरेकडच्या शहरांत मात्र कृष्णवर्णीयांना मत देता येत होतं. १९३० च्या दशकातल्या महामंदीत रूझवेल्टच्या योजनांनी हाताला काम दिलं आणि ते लिंकनच्या पक्षातून डेमोक्रॅट्सकडे आले. म्हणजे शिकागोचा कृष्णवर्णीय कामगार आणि मिसिसिपीचा गोरा जमीनदार एकाच पंगतीत. हे किती दिवस टिकणार? १९४८ मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष ट्रूमननी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायनाचे डेमोक्रॅट गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्कांना विरोध म्हणून वेगळी चूल मांडून अध्यक्षपदाला उभे राहिले आणि चार राज्यं जिंकले.

वर्णभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा आणला डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांनी, पण सिनेटमधल्या ३३ पैकी २७ रिपब्लिकनांनीही त्याला मत दिलं. खरी फूट पक्षापक्षांत नव्हे, उत्तर-दक्षिण होती. उरलेल्या सहांपैकी एक गोल्डवॉटर, आणि नेमकी त्यांनाच पक्षाने उमेदवारी दिली! ते सपाटून हरले, पण स्वतःच्या ॲरिझोनाशिवाय दक्षिणेतली पाच राज्यं घेऊन गेले. पुढे रिपब्लिकन अध्यक्ष झालेल्या निक्सननी तो हिशोब नीट वाचला. वंशाचं नाव न काढता 'कायदा-सुव्यवस्था' म्हटलं तरी भागतं, हे त्यांना कळलं. तरी दक्षिणेतल्या प्रतिनिधिगृहाच्या बहुतेक जागा रिपब्लिकनांकडे जायला १९९४ उजाडलं.

थर्मंड १९६४ मध्येच रिपब्लिकन झाले होते. १९५७ साली नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध सलग चोवीस तासांहून अधिक बोललेला हा माणूस शंभरी गाठेपर्यंत सिनेटर होता. पुढे कृष्णवर्णीय मतदार वाढले. १९८३ मध्ये किंग यांच्या जन्मदिनाची राष्ट्रीय सुटी मतदानाला आली, तेव्हा थर्मंडनी 'हो' म्हटलं.