तुम्ही विचारलंत म्हणून: आनंदीबाईंच्या शिक्षणाचं पुढे काय झालं?

आनंदीबाई जोशींविषयी बोलायला कुठेही गेले तरी शेवटी एक प्रश्न हमखास येतो. कधी पहिल्या रांगेतले आजोबा विचारतात, कधी नववी-दहावीतली मुलगी. "एवढा आटापिटा करून बाई डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर इथल्या एकाही रुग्णाला न तपासता गेल्या. मग त्या शिक्षणाचा उपयोग काय झाला?" प्रश्न खोचक नसतो, त्यात हळहळच असते. पण व्याख्यान संपत आलेलं असतं, मागे चहाचे कप वाजायला लागलेले असतात आणि दोन वाक्यांत मावेल असं माझं उत्तर नाही. म्हणून ते इथे सविस्तर लिहिते.

आधी घडलं ते थोडक्यात सांगते. आनंदीबाईंचा जन्म 1865चा, माहेर कल्याणच्या जोशांचं. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न झालं, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. 1883मध्ये त्या गोपाळरावांशिवाय कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. 11 मार्च 1886 रोजी त्यांना फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाचं काम ठरलं होतं, पण ते हाती घेण्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचं निधन झालं. वय बावीसच्या आतलं. इतकंच पाहिलं तर तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.

माझी अडचण आहे ती 'इतकंच पाहिलं तर' यापाशी. आपण आनंदीबाईंना नेहमी एकटं उभं करतो. मागे गोपाळराव, पुढे मृत्यू आणि मध्ये एक अचाट मुलगी. त्या ज्या कॉलेजात शिकल्या तिथे त्यांच्या आधी कोण शिकलं, बरोबर कोण होतं, नंतर कोण आलं हे आपल्या गोष्टीत येतच नाही. मला ते सगळं सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही असं वाटतं.

हे कॉलेज 1850 साली निघालं. बायकांना डॉक्टरकीचं शिक्षण देऊन एम.डी. पदवी द्यायची या हेतूने स्थापन झालेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी ते एक. पुढाकारात क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी बरीच होती. 1851च्या अखेरीस पहिल्या आठ जणींना पदवी मिळाली. शहरातली मुलांची मेडिकल कॉलेजं चिडलेली होती, त्यामुळे त्या समारंभाला पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला. त्या आठ जणींतल्या अ‍ॅन प्रेस्टन पुढे तिथेच प्राध्यापक झाल्या आणि 1866मध्ये डीन. शहरातली इस्पितळं विद्यार्थिनींना वॉर्डात पाऊल टाकू देत नव्हती, तेव्हा बायकांना शिकता यावं म्हणून स्त्रियांचं वेगळं इस्पितळ उभं करण्यातही त्याच पुढे होत्या.

1869च्या नोव्हेंबरातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. खूप खटपटी करून प्रेस्टनबाईंनी आपल्या विद्यार्थिनींना पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष रुग्णांवरच्या व्याख्यानांना बसण्याची परवानगी मिळवली. मुली गेल्या. तिथे शेकडो मुलगे जमले होते. त्यांनी हुर्यो उडवली, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिचकाऱ्या मारल्या. मुली व्याख्यान संपेपर्यंत बसून राहिल्या आणि पुन्हा जात राहिल्या. आनंदीबाई त्या शहरात पोचल्या तोवर या गोष्टीला चौदा वर्षं झाली होती. त्यांना मिळालेली वर्गातली जागा अशी आधीच्या मुलींनी सोसून मिळवलेली होती.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते, कारण तो प्रश्न त्या कॉलेजलाही सतत विचारला जात होता. बायकांना डॉक्टर करून उपयोग काय? लग्न करतील, घरी बसतील. त्या वेळी डीन होत्या रेचल बॉडली, रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांनी वाद घालण्यापेक्षा पत्रं पाठवली. 1881मध्ये कॉलेजच्या हयात असलेल्या पदवीधर बायकांना त्यांनी विचारलं की तुम्ही सध्या काय करता, व्यवसाय चालतो का, मिळकत किती. उत्तरं आली आणि त्यांतल्या बहुतेक जणी डॉक्टरकी करत असल्याचं दिसलं. उपयोग मोजायचा तर असा, सगळ्यांचा मिळून मोजायचा, हे मी बॉडलीबाईंकडून शिकले. एकीच्या आयुष्याला धरून शिक्षणाचा हिशेब मांडणं मला अन्यायाचं वाटतं, मग ती एक कितीही मोठी असो.

हिंदुस्थानशी या कॉलेजचा संबंध आनंदीबाईंपासून सुरू झाला असाही आपला समज असतो. क्लारा स्वेन इथूनच 1869मध्ये डॉक्टर झाल्या आणि 1870च्या जानेवारीत बरेलीला पोचल्या. रामपूरच्या नवाबांनी दिलेल्या जागेत त्यांनी बायकांसाठी इस्पितळ उभारलं. आजारी बाई पुरुष डॉक्टरला हात दाखवणार नाही, घरचे दाखवू देणार नाहीत आणि त्यात जीव जाईल, ही गोष्ट फिलाडेल्फियात तेव्हापासून माहीत होती. आनंदीबाईंनी कलकत्त्याजवळच्या सेरामपूरच्या भाषणात हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली ती 1883मध्ये. त्यांचा अर्ज पोचला तेव्हा बॉडलीबाईंना त्यातली निकड समजावून सांगावी लागली नसणार.

आनंदीबाईंचा एक फोटो तुम्ही पाहिला असेल. 1885च्या ऑक्टोबरातला, डीनबाईंच्या स्वागत समारंभातला. तिघी जणी आपापल्या देशाच्या पोशाखात. साडीतल्या आनंदीबाई आपण लगेच ओळखतो. बाकीच्या दोघी कोण, हे विचारणारे मला फार थोडे भेटले. जपानी पोशाखातल्या त्या केइ ओकामी. 1889मध्ये पदवी घेऊन त्या जपानला परतल्या आणि तोक्योच्या जिकेई हॉस्पिटलात काम करू लागल्या. सम्राट मेजींनी बाई म्हणून त्यांच्याकडून तपासून घ्यायचं नाकारलं, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली आणि घरीच दवाखाना काढला. तिसऱ्या सबात इस्लामबूली, दमास्कसच्या. त्यांना 1890मध्ये पदवी मिळाली, त्या मायदेशी परतल्या आणि पुढे कैरोत होत्या. तिघी एका फोटोत असल्या तरी तिघींची पुढची वाट एकसारखी नव्हती. कुठलंही कॉलेज मुलीला पदवी देऊ शकतं, आयुष्याची दोरी देऊ शकत नाही.

यात मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते सुझन ला फ्लेशपाशी. अमेरिकेतल्या ओमाहा या आदिवासी जमातीतली ही मुलगी आनंदीबाईंच्याच वर्षी, 1865मध्ये, नेब्रास्कातल्या राखीव प्रदेशात जन्मली. लहानपणी तिने एक म्हातारी रात्रभर तळमळताना पाहिली. गोऱ्या डॉक्टरला पुन्हा पुन्हा निरोप गेले, तो आला नाही आणि पहाटेपर्यंत म्हातारी गेली. पुढे स्त्रियांच्या एका संस्थेने खर्च उचलला आणि 1886च्या शरद ऋतूत सुझन फिलाडेल्फियाच्या त्याच कॉलेजात दाखल झाली. त्याच सुमारास आनंदीबाई आजारी अवस्थेत मायदेशी यायला निघत होत्या. दोघींची भेट झाली असती तर काय बोलल्या असत्या, असं माझ्या मनात अनेकदा येतं. दोघींच्याही मागे उपचारांवाचून गेलेलं एक माणूस होतं. एकीचं स्वतःचं बाळ, दुसरीच्या जमातीतली म्हातारी.

सुझन 1889मध्ये वर्गात पहिली आली आणि अमेरिकेच्या आदिवासींमधली पहिली स्त्री-डॉक्टर ठरली. गावी परतल्यावर हजाराहून अधिक माणसांची ती एकटी डॉक्टर होती. बर्फात घोड्यावरून, बग्गीतून मैलच्या मैल जायचं, क्षय, गोवर, बाळंतपणं सगळं एकटीने पाहायचं. त्याशिवाय जमिनीच्या कज्ज्यांत सरकारशी पत्रव्यवहारही तिच्याचकडे. 1913मध्ये वॉल्टहिल गावात तिने इस्पितळ उभं केलं आणि दोन वर्षांनी, पन्नाशीतच, ती गेली. आनंदीबाईंना आयुष्य मिळालं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करायची असेल तर मी सुझनकडे पाहते. कोल्हापुरात त्या असंच काहीतरी करत असत्या.

आणखीही कितीतरी नावं आहेत. रेबेका कोल ही 1867ची पदवीधर, अमेरिकेतल्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-डॉक्टरांपैकी. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत घरोघर जाऊन बाळाला कसं सांभाळायचं, स्वच्छता कशी ठेवायची हे ती सांगत असे. हॅले टॅनर डिलन 1891ची. अलाबामा राज्याची दहा दिवस चालणारी परीक्षा उत्तीर्ण होऊन तिथे डॉक्टरकीचा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री. ज्या काळात पुष्कळ कॉलेजं बाई म्हणून एक दार आणि रंग म्हणून दुसरं दार बंद करत होती, त्या काळात या मुली इथे शिकत होत्या.

आता एक नाव असं, की ज्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले. डॉ. गुरुबाई करमरकर. आनंदीबाईंनंतर सहा वर्षांनी, 1892मध्ये, त्याच कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. 1893मध्ये परत आल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी तेवीस वर्षं काम केलं. पती सुमंतराव त्याच मिशनचे पाद्री. ती वर्षं आठवून पाहा. 1896मध्ये मुंबईत प्लेग आला आणि माणसं शहर सोडून पळू लागली. त्यामागोमाग शतकाच्या अखेरीचा दुष्काळ. अशा काळात गुरुबाई समाजाच्या तळातल्या, ज्यांना कोणी शिवायला तयार नव्हतं अशा बायका-मुलांवर उपचार करत होत्या. "डॉक्टर होऊन परत आलेल्या मराठी बाईने इथे काय केलं?" या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर आपल्याच मुंबईत होतं.

मग हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत, व्याख्यानांत, चौकांच्या पाट्यांवर का नाही? मला याचं कारण स्पष्ट दिसतं. गुरुबाई ख्रिस्ती होत्या आणि त्या पहिल्या नव्हत्या. आनंदीबाईंनी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं जाहीर सांगितलं आणि ते पाळलं, म्हणून त्या आपल्या घरच्या झाल्या. गुरुबाईंना मात्र आपण मिशनच्या खात्यावर टाकून मोकळे झालो. मराठी बोलणारी, मुंबईत राबलेली बाई मराठी समाजाच्या आठवणीबाहेर राहिली याचं मला मनापासून दुःख आहे. ज्या वेळी आपण आनंदीबाईंचं शिक्षण वाया गेलं म्हणून हळहळतो, त्याच वेळी ज्या बाईचं शिक्षण वाया गेलं नाही तिला ओळखही देत नाही.

तरीही कोणी म्हणेल, गुरुबाईंचं काम गुरुबाईंचं, त्यात आनंदीबाईंचा वाटा कुठे? मग थेट त्यांचाच धागा सांगते. पंडिता रमाबाई त्या वेळी इंग्लंडमध्ये होत्या. आनंदीबाई त्यांच्या नात्यातल्या. त्यांच्या पदवीदानासाठी बॉडलीबाईंनी रमाबाईंना बोलावलं आणि त्या अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला आल्या. आल्या त्या समारंभ आटोपून परत गेल्या नाहीत. दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या, शाळा पाहिल्या, गावोगाव बोलल्या. 1887मध्ये त्यांचं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक फिलाडेल्फियात छापलं गेलं. त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंची आणि अर्पण रमाबाईंच्या आईच्या स्मृतीला. ते पुस्तक आणि ती भाषणं यांतून मदतनिधी उभा राहिला, बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि त्या पैशावर मुंबईत विधवा मुलींसाठी शारदासदन निघालं. त्याची तारीख 11 मार्च 1889. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती.

शारदासदनात पहिल्या काही विद्यार्थिनींमध्ये एक बालविधवा होती, गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून ती आनंदीबाई कर्वे झाली आणि आपण तिला बाया कर्वे म्हणून ओळखतो. अण्णा आणि बाया कर्व्यांचं हिंगण्याचं काम, त्यातून पुढे उभं राहिलेलं महिला विद्यापीठ, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहेच. रमाबाई त्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला गेल्या नसत्या, तर शारदासदन तेव्हा आणि तसं निघालं असतं असं मला वाटत नाही. आणि त्या तिथे गेल्या होत्या त्या आनंदीबाई डॉक्टर होताना पाहायला.

या कॉलेजात 1970च्या सुमारास मुलगेही शिकू लागले आणि त्याचं नाव बदललं. आज ते ड्रेक्सेल विद्यापीठात सामावलेलं आहे. तिघींचा तो फोटो तिथल्या संग्रहात जपलेला आहे.

तेव्हा पुढच्या वेळी शाळेत आनंदीबाईंची जयंती कराल, तर माझी एक विनंती आहे. फळ्यावर त्यांच्या नावाखाली गुरुबाई करमरकर हे नावही लिहा, आणि वेळ असेल तर मुलींना सुझन ला फ्लेशची गोष्ट सांगा. उपयोगाचा प्रश्न त्यानंतर मुलींनाच विचारा.