दीडशे रुपयांचा अडॅप्टर आणि वितळलेला साटा प्लग

एप्रिलचा तिसरा आठवडा, लग्नसराई जोरात. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या एका व्हिडिओ स्टुडिओतल्या कॉम्प्युटरचा कॅबिनेट सकाळी सकाळी माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आला. घेऊन आलेला पोरगा एडिटर. एडिट झालेला व्हिडिओ कॉम्प्युटरला बनवायला लावतात, त्याला रेंडर म्हणतात. तक्रार एका ओळीची होती, "दादा, रेंडर लावलावता, धूर आला आन् बंदच पडला की ओ."

साइड पॅनल काढलं तसे दोन वास एकदम आले, एक जळक्या प्लास्टिकचा आणि एक हळदीचा. यार्डाच्या आसपासच्या मशिनांत पंख्याच्या फिल्टरवर हळदीची पूड बसतेच. इथं तिचा जाड पिवळा थर झाला होता, म्हणजे आतली हवा कित्येक महिने नीट खेळलीच नव्हती. पण धूर हळदीचा नव्हता. एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून आलेल्या, हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा केबलचा शेवटचा प्लग आणि त्यात खोचलेला अडॅप्टर, दोन्ही वितळून एकजीव झाले होते. अडॅप्टरचं दुसरं टोक ग्राफिक्स कार्डाच्या आठ पिनांच्या सॉकेटात होतं आणि ते अगदी नव्यासारखं होतं.

अशा केसमध्ये बहुतेक वेळा असंच दिसतं. कार्डाकडची बाजू शाबूत राहते, जळते ती एसएमपीएसकडची. म्हणून कार्डाच्या प्लगवर टॉर्च मारून "ठीक आहे" म्हणणाऱ्याला खरा बिघाड दिसत नाही.

आधी हार्ड डिस्क बाहेर काढली. ती त्याच साटा केबलवर, जळालेल्या प्लगच्या एक प्लग अलीकडे होती आणि तिच्यात चार लग्नांचं शूटिंग होतं. ती वेगळ्या सप्लायवर लावून आधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवला, मग तिचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते तो तब्येतीचा अहवाल, काढला. पॉवर-ऑफ रिट्रॅक्टचा आकडा अशा वापराच्या मानाने फारच चढलेला होता. डिस्क चालू असताना वीज अचानक गेली किंवा खाली आली की हेड घाईने बाजूला घ्यावं लागतं, त्याची ही मोजणी. पोराला विचारलं, "रेंडर लावल्यावर डिस्क मधेच गायब व्हायची का?" तो म्हणाला, "व्हायची की. दोन आठवडं झालं. आमी केबल बदलली डेटाची." म्हणजे सूचना आधीच मिळत होती, पण ती डेटा केबलच्या नावावर गेली. लोड आला की डिस्क नाहीशी होत असेल तर त्याच पॉवर केबलवरच्या प्लगांच्या साखळीत अजून काय लटकवलंय ते आधी बघावं.

आता हिशोब. स्टुडिओत आधी जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड होतं, ७५ वॅटचं, वेगळी पॉवर केबल न लागणारं. त्या जागी जुन्या बाजारातून आरएक्स ५८० आलं. हे कार्ड १८५ वॅटचं आणि त्याला आठ पिनांचा प्लग लागतो. एसएमपीएसला तसा प्लगच नव्हता, म्हणून कार्डाबरोबर दीडशे रुपयांचा साटा-टू-आठ-पिन अडॅप्टर दिला गेला.

मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. हे कार्ड भर लोडवर त्यातले साठेक घेतं असं धरलं, तर उरलेले सव्वाशे वॅट अडॅप्टरमधून येणार. १२ व्होल्टला सव्वाशे वॅट म्हणजे दहा-साडेदहा अँपिअर. साटा पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या पिना तीन, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. हा प्लग हार्ड डिस्कसाठी बनवलाय आणि डिस्कला तेवढे पुरून उरतात. इथं प्रत्येक पिनेतून साडेतीन अँपिअर जात होते. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे सव्वादोन-अडीच पट करंटला उष्णता जवळजवळ साडेपाच पट होते, तीही १.२७ मिलिमीटर अंतरावर बसवलेल्या पातळ पत्र्यांत.

हे स्टुडिओच्या मालकांना, काकांना, फोनवर समजावताना गिझरचं उदाहरण दिलं. दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर घेतो. तो गिझर कन्व्हर्जन प्लग लावून टीव्हीच्या पाच अँपिअरच्या सॉकेटवर कुणी चालवणार नाही, चालवला तर प्लग काळा पडतो हे घरोघरी माहीत आहे. या अडॅप्टरमधून गिझरपेक्षा जास्त करंट जात होता. व्होल्ट बाराच आहेत म्हणून शॉक बसत नाही, पण तार तापते ती अँपिअरने. अडॅप्टर प्लगचं तोंड बदलतो, मागची तार होती तेवढीच राहते.

मग कार्डाला कळत कसं नाही? आठ पिनांच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या पिना तीनच असतात, सहा पिनांच्याही प्लगमध्ये साधारण तेवढ्याच. जास्तीच्या दोनांपैकी एक ग्राउंड, म्हणजे करंट परत जाण्याची वाट, आणि एक सेन्स, म्हणजे मागे किती वॅटची सोय आहे ते कार्डाला सांगणारी. दोन्ही सेन्स पिना ग्राउंडला मिळालेल्या दिसल्या की कार्ड समजतं, मागे १५० वॅटची सोय आहे. एकच मिळाली तर ७५. अडॅप्टर बनवणारा दोन्ही सेन्स पिना ग्राउंडला जोडून टाकतो, आणि मागे डिस्कचा प्लग असला तरी कार्डाला १५० वॅटचीच ग्वाही मिळते. कार्ड त्या ग्वाहीवर विश्वास ठेवतं.

दोन साटा प्लग असलेला अडॅप्टरही बाजारात मिळतो. दोन्ही मिळून १०८ वॅट, म्हणजे दीडशेला तोही कमीच. शिवाय ते दोन प्लग बहुधा एकाच साखळीत लागतात आणि त्या साखळीला एसएमपीएसमधून १२ व्होल्टची पिवळी तार एकच येते. साटावरून ग्राफिक्स कार्ड चालवणारा कोणताही अडॅप्टर वापरू नये, असं माझं सरळ मत आहे. चार पिनांच्या जुन्या मोलेक्सवरून सहा पिना करणारा अडॅप्टर ७५ वॅटपुरता चालतो, पण दोन मोलेक्स दोन वेगळ्या केबलींवरचे हवेत आणि पिना घट्ट हव्यात. सहाचे आठ करणारा अडॅप्टर चांगल्या एसएमपीएसवर निभावतो, जर सहा पिनांच्या केबलमध्ये पिवळ्या तारा खरोखर तीन असतील आणि जाडी १८ गेज, म्हणजे ०.८२ स्क्वेअर मिलिमीटर असेल. स्वस्त एसएमपीएसमध्ये दोनच पिवळ्या तारा असतात. मोजून बघायला दहा सेकंद लागतात.

जळालेला अडॅप्टर कापून पाहिला. तारेतली एक बट ब्लेडने खरवडली तर वरचा तांबूस रंग गेला आणि आतून पांढरं अ‍ॅल्युमिनियम निघालं. तांब्याचा मुलामा दिलेली ही तार त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा बरीच जास्त रोध करते. प्लगही ओतीव होता. तारा साच्यात धरून वरून मऊ प्लास्टिक ओततात, ते पीव्हीसी असलं तर ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. एकदा मऊ पडलं की आतल्या तारा सरकतात आणि १२ व्होल्ट शेजारच्या ग्राउंडला टेकतं. क्रिंप केलेल्या, म्हणजे तारेवर दाबून घट्ट बसवलेल्या पिना वेगळ्या नायलॉनच्या खोक्यात बसवलेले प्लग यापेक्षा कितीतरी बरे.

एसएमपीएसच्या लेबलवर ठळक अक्षरांत ५०० वॅट, आणि खालच्या कोष्टकात १२ व्होल्टला १८ अँपिअर. म्हणजे २१६ वॅट. कार्ड १८५, प्रोसेसर रेंडरमध्ये ऐंशी-नव्वद. अडॅप्टर सोन्याचा असता तरी हा सप्लाय पुरला नसता. आठ पिनांचा प्लग एसएमपीएसला नसणं हे बहुतेक वेळा बनवणाऱ्यानेच सांगितलेलं असतं की एवढं ओझं माझ्यावर टाकू नका.

नवा ६५० वॅटचा एसएमपीएस बसवला, स्वतःच्या दोन सहा-अधिक-दोन (मिळून आठ पिनांच्या) केबली असलेला. लोडवर डीसी क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) लावून एकेक पिवळी तार मोजली, प्रत्येकी साडेतीनच्या आगेमागे. अँपिअर तेवढेच, पण इथली पिन सात-आठ अँपिअर सहज पेलणारी. (साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, तो इथं शून्य दाखवतो. डीसीवाला लागतो.) कार्ड आणि डिस्क दोन्ही वाचली.

काकांनी मग दुपारी स्टुडिओतलं दुसरं मशिनही बघून जायला सांगितलं. त्यात आरटीएक्स ४०७० टीआय, २८५ वॅटचं, आणि कार्डाच्या खोक्यातलाच दोन आठ-पिनांचे सोळा पिना करणारा अडॅप्टर. सप्लाय चांगला, अडॅप्टर अस्सल. तरी तीन गोष्टी सापडल्या.

पहिली, सोळा पिनांचा प्लग पूर्ण बसलेला नव्हता. टॉर्च आडवी धरली तर प्लग आणि सॉकेटमध्ये नखाएवढी फट. हा प्लग २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बरोबर सर्वांना माहीत झाला आणि वितळायलाही लागला. त्या नोव्हेंबरात या कार्डांची कंपनी एनव्हिडियाने जगभरातल्या सुमारे ५० केसेस तपासत असल्याचं सांगितलं आणि प्लग पूर्ण न बसणं हे त्यात वारंवार दिसलेलं कारण दिलं. कारण आकड्यांतच आहे. या प्लगमधून ६०० वॅट, म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत वाटले तर पिनेला ८.३३. पिनेची क्षमता ९.५. आठ पिनांच्या जुन्या प्लगमध्ये १५० वॅटला पिनेवर ४.१७ येतात, तिथं चूक पोटात घालायला जागा आहे. इथं सहापैकी दोन पिना नीट टेकल्या नाहीत तर उरलेल्या चारांवर साडेबारा अँपिअर येतील. २०२३ च्या सुधारित १२ व्ही २×६ सॉकेटात सेन्स पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर त्या टेकतच नाहीत आणि कार्ड पूर्ण वीज मागत नाही. हे कार्ड त्याच्या आधीचं.

दुसरी, काचेचं पॅनल अडॅप्टरच्या तारा प्लगपाशीच दाबत होतं. प्लगपासून निदान ३५ मिलिमीटर तार सरळ जायला हवी. अलीकडे वाकवली की आतली पिन तिरकी होते आणि एका कडेनेच टेकते. पॅनल बसत नसेल तर कॅबिनेट अरुंद आहे, असं समजावं.

तिसरी, अडॅप्टरची दोन्ही आठ-पिन तोंडं एसएमपीएसच्या एकाच दुतोंडी केबलला लावली होती. स्लॉटचे थोडे सोडून २७० वॅट, साडेबावीस अँपिअर, तीन पिवळ्या तारांतून, तारेला साडेसात. जळालं नव्हतं, पण एसएमपीएसकडचा प्लग इन्फ्रारेड थर्मामीटरवर ६१ अंश दाखवत होता. एचडब्ल्यूइन्फो या आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं सोळा-पिन व्होल्टेज बघितलं, निवांत असताना १२.१ आणि लोडवर ११.६. दुसरी केबल खोक्यात न उघडलेली पडली होती.

मशिन बंद केलं, मागचा स्विच बंद केला, कार्ड बाहेर घेतलं. सोळा-पिन प्लग कार्ड टेबलावर असतानाच बसवावा, कॅबिनेटच्या आत हात तिरका पडतो आणि जोर नीट लागत नाही. दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबला, फट गेली, खिट्टी अडकली, हलकं ओढून पाहिलं. असे प्लग सुमारे ३० वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेले असतात, तेव्हा उगाच "बघू जरा" म्हणून काढू नयेत. मग दोन वेगळ्या केबली दोन तोंडांना लावल्या. अर्धा तास रेंडरनंतर तोच एसएमपीएसकडचा प्लग ४५ अंशांवर, व्होल्टेज ११.९.

निघताना पोरानं एक पिशवी पुढं केली. "ह्या बी लावू का दादा? जुन्या मशिनच्या हायत." त्यात वेगळ्या कंपनीच्या मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या केबली होत्या, प्लग हुबेहूब तसेच. मॉड्युलर केबलचं कार्डाकडचं टोक ठरावीक असतं, एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी मात्र ज्याची त्याची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी. प्लग आत जातो, आणि ग्राउंडच्या जागी १२ व्होल्ट किंवा पाचच्या जागी बारा आले की डिस्क आणि बोर्ड क्षणात जातात. ती पिशवी वेगळी काढून तिच्यावर "दुसऱ्या सप्लायच्या, लावू नयेत" असं मार्करने लिहिलं. चालू एसएमपीएसच्या उरलेल्या केबली दुसऱ्या पिशवीत घालून तिच्यावर मॉडेलचं नाव लिहिलं आणि ती त्याच कॅबिनेटच्या मागे टायने बांधून टाकली.