सगळ्यांना ठाऊक असलेलं सोंग

कार्तिक लागला की आमच्या अंत्रुजात, म्हणजे कागदोपत्री गोव्याच्या फोंडा तालुक्यात, संध्याकाळी सातनंतर कामाची माणसं मिळेनाशी होतात. नळ गळत असो नाहीतर मिक्सर बंद पडलेला असो, फोन लावला की पलीकडून बायको एकच वाक्य ऐकवते, "ते तालमीक गेल्यात." तालीम म्हणजे जत्रेच्या नाटकाची, देवळाच्या अग्रशाळेत. पालखी फिरून परत आली की उशिरा रात्री पडदा उघडायचा आणि उजाडेपर्यंत चालायचं, ही आमच्याकडची जुनी चाल. हल्ली ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे घड्याळाकडे बघावं लागतं, एवढाच फरक.

नाटक मराठी. ऐतिहासिक नाहीतर पौराणिक; त्यात पदं असली तर उत्तमच. तालमीतली भांडणं मात्र कोकणीत. "खबरदार, एक पाऊल पुढे टाकलंस तर!" असं गरजणारा माणूस त्याच दमात "पयलीं म्हजें वाक्य सोंपूं दी रे!" म्हणून समोरच्यावर खेकसतो, आणि यात काही विचित्र आहे असं कुणालाच वाटत नाही. संवाद विसरला तर तोही कोकणीत पुढे रेटला जातो. अशा वेळी विंगेत बसलेले आमचे निवृत्त मास्तर, म्हणजे प्रॉम्प्टर, मोबाइलच्या उजेडात वहीवर बोट ठेवून खरं वाक्य इतक्या मोठ्याने सांगतात की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या ते नटाच्या आधी म्हणून मोकळ्या होतात.

माझा नवरा कदंब बसवर कंडक्टर. त्याला दरवर्षी भालदाराचं काम. वाक्य एकच, "महाराजांची स्वारी दरबारात येत आहे!" महिनाभर तो ते घरात म्हणतो, आंघोळ करताना म्हणतो, मासळी कापणाऱ्या माझ्या पाठीमागे येऊन म्हणतो. एवढं करून स्टेजवर ते निघतं "फोंडा, म्हार्दोळ, पणजी"च्याच सुरात, आणि मंडपातले रोजचे प्रवासी खुशीत शिट्ट्या मारतात. दिग्दर्शकाने त्याच्या बाबतीत हात टेकले आहेत.

पार्ट मात्र माणसाला चिकटतो. वेल्डरने कधीकाळी औरंगजेब केला, तो अजून आलमगीर. "आलमगिराक सांग, गेटीचें बिजागर सुटलां" हे वाक्य आमच्या गावात सहज कानावर पडतं. सोसायटीतला कारकून शकुनी झाला, तेव्हापासून स्वतःच्या भाच्यांखेरीज साऱ्या गावाचा मामा आहे.

माणूस कशामुळे माणूस, याची उत्तरं आपण शाळेपासून ऐकत आलो. अवजारं वापरतो म्हणून, असं एक उत्तर होतं. १९६० साली जेन गुडॉल यांनी टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझी काडीने वारुळातली वाळवी काढून खाताना पाहिला आणि ते उत्तर लंगडं पडलं. पण प्रश्न काही सुटत नाही. मला तो दरवर्षी मंडपातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात भज्यांचा कागद असताना पडतो, आणि उत्तर समोरच उभं असल्यासारखं वाटतं, दाढी चिकटवून.

सोंग काय, निसर्गातही आहे. आमच्या परसातल्या कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. (फोडणीसाठी पानं तोडताना अळी हाताला लागली की मी अजून किंचाळते.) या जातीचा नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेला. काही माद्याही तशाच. पण काही माद्या कॉमन रोझ नावाच्या भलत्याच फुलपाखराचा वेष घेऊन येतात, तेच पांढरे डाग आणि तोच तांबडा रंग. कॉमन रोझ विषारी. एकदा त्याची चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही, आणि त्याच्या पुण्याईवर ही सोंगाडी मॉर्मन तरून जाते. मेकअप इतका चोख की नाटकाचे पोशाख पुरवणाऱ्या आमच्या ड्रेपरीवाल्याने शिकवणी लावावी. कोकिळा तर स्वतः सोंगही घेत नाही, अंड्याला घ्यायला लावते, आणि कावळीण बिचारी ते उबवत बसते.

पण या सगळ्या सोंगांची अट एकच, समोरच्याला कळता कामा नये. पक्ष्याला कळलं की मॉर्मन संपली, कावळिणीला कळलं की अंडं गेलं. आमच्या देवळापुढे बरोबर उलटं. जिरेटोपाखाली गिरणीवाला आहे हे पुढे मांडी घालून बसलेल्या पोरांनाही ठाऊक असतं. किंबहुना ते ठाऊक असतं म्हणून तर गर्दी होते. सकाळी ज्याच्याकडून नाचणी दळून आणली, त्याच्या भुवयांवरचं पीठ जेमतेम पुसलेलं, तो तलवार उपसून उभा राहतो आणि अंगावर काटा येतो. शेजारीण कोपरखळी मारते, "पळय गे, कसो दिसता!" या चार शब्दांत गिरणीवालाही आहे आणि राजाही. दोघांपैकी एकालाही ती विसरलेली नाही. फसवलं कुणी नाही, फसलंही कुणी नाही, तरी सोंग चाललंय, आणि ते चालावं म्हणून अख्खा गाव श्वास धरून बसलाय. हे दुसऱ्या कुठल्या प्राण्याला जमत असेल असं मला वाटत नाही.

रेघ इतकी सरळ नाही, हेही सांगायला हवं. युगांडातल्या किबालेच्या जंगलात काकामा नावाचा एक पोरसवदा चिंपांझी लाकडाचा ओंडका पिल्लासारखा घेऊन फिरायचा. त्याच्यासाठी त्याने छोटं घरटंही केलं होतं. ते टिपून ठेवलं रिचर्ड रँगम या अभ्यासकाने. वाचून मला फार बरं वाटलं. भातुकली फक्त आपलीच नाही. पण त्या ओंडक्याच्या बारशाला कुणी घुगऱ्या घेऊन आल्याचं काही वाचनात नाही. आपल्याकडे दीड-दोन वर्षांचं मूल रिकामी वाटी पुढे करून "चा" म्हणतं, आणि पलीकडचा दाढीवाला काका, शुद्धीवर असलेला, बँकेत नोकरी करणारा, ती तोंडाला लावून फुरका मारतो. वर "गोड जालो गो!" अशी दादही देतो. त्या वाटीत खरा चहा ओता, खेळ तिथेच संपला.

हे वेड जुनं आहे. दक्षिण जर्मनीतल्या होलेनश्टाइन-श्टाडेल नावाच्या गुहेत १९३९ साली मॅमथच्या सुळ्याचे तुकडे मिळाले. पुढे ते जोडले तेव्हा फूटभर उंचीची मूर्ती तयार झाली. अंग माणसाचं, डोकं सिंहाचं, वय सुमारे ४०,००० वर्षं. तिचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला आणि तोंडातून आपसूक निघालं, "अरे, नृसिंह!" वेलिंगचं लक्ष्मीनृसिंहाचं देऊळ आमच्या जवळच, त्यामुळे सिंहाच्या तोंडाचा माणूस आम्हाला ओळखीचा. त्या थंडीत, पोटाची भ्रांत असताना, कुणीतरी कित्येक दिवस खर्चून जगात नसलेला प्राणी कोरला. का, ते तज्ज्ञ सांगोत. माझं मन म्हणतं, तिथेही कुणीतरी सिंहाचं कातडं डोक्यावर ओढून शेकोटीपाशी आला असेल, आणि त्याची बायको शेजारणीला म्हणाली असेल, "हा आमचाच."

नाटकाने माणूस सुधारतो असं म्हणणाऱ्यांनी मात्र आमच्या गावात यावं. दोन चुलतभाऊ आहेत. कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पाण्याच्या पाटावरून त्यांची वर्षानुवर्षं कोर्टात केस चालू आहे. एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. एका जत्रेला पौराणिक नाटक निघालं आणि दोघे झाले राम आणि भरत, कारण गळे दोघांनाच होते. भरतभेटीला भरताने जी मिठी मारली, ती पाहून मंडपात डोळे पुसले नाहीत असं माणूस नव्हतं. केस ठाऊक नसलेलंही कुणी नव्हतं. मास्तरांचा सुद्धा आवाज बसला आणि रामाचं पुढचं वाक्य रामालाच आठवून म्हणावं लागलं. आम्ही म्हटलं, चला, देवीने कौल दिला. चेहऱ्यावरचा रंग खोबरेल तेलाने काढून दोघे दोन दारांनी घरी गेले. पुढची तारीख होती त्या दिवशी कोर्टात हजर, आपापल्या वकिलांसकट. पाटाचं पाणी अजून तुंबलेलंच आहे. तरी ती मिठी खोटी होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भरताची होती, चुलतभावाची नव्हती, इतकंच. एका अंगात दोघे सुखाने राहू शकतात. एकमेकांना ओळख न देता.

रात्र थोडी आणि सोंगं फार, अशी खरी अवस्था असते ती नट्यांची. पूर्वी स्त्रीपार्ट पुरुषच करत, आता बायका हव्यात. आणि आपल्या घरच्या बाईने स्टेजवर जावं असं अजूनही फार घरांना वाटत नाही. मग नटी बाहेरून आणायची. जत्रांच्या दिवसांत या बायका आज या गावात, उद्या त्या गावात. नाटकं त्यांना तोंडपाठ, तालीम जमलीच तर एखादी. गेल्या जत्रेला येसूबाई म्हणून आलेल्या बाईला मी रंगपटात चहा नेऊन दिला. रिक्षातून उतरली, पर्समधून नथ काढली, मनगटावरचं घड्याळ सोडून ब्लाउजमध्ये खोचलं आणि आरशातून विचारलं, "संभाजी कोण?" कोपऱ्यात पाठ करत बसलेला पंचायतीचा सेक्रेटरी उठून उभा राहिला. तिने त्याला एकदा नखशिखान्त पाहिलं, "हात कुठे धरणार ते आत्ताच सांगा, ऐनवेळी चाचपडू नका," म्हणाली, आणि फोनवर मुलीला दुसऱ्या दिवशीच्या पेपरसाठी भूमितीची आकृती समजावू लागली. अर्ध्या तासात त्याच सेक्रेटरीला ती "नाथ" म्हणाली तेव्हा माझ्या मागच्या बाकावरचा बाप्या हुंदका देऊन रडला. पहाटे नाईटचे पैसे तिने दोनदा मोजून घेतले. खजिनदार पाचशे रुपये नंतर देतो म्हणत होता. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे तिला त्याच्याहून चांगलं ठाऊक होतं. दिले त्याने.

हे सगळं झालं पुरुषांच्या मांडवाचं. आमचं थिएटर वेगळं. पौषातल्या चांदण्या रात्रींना मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या अंगणात, धालो रंगतात. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर, कमरेत हात गुंफून, वाकत, पुढे-मागे होत गायचं. पुरुषांना मांडावर मज्जाव. शेवटच्या रात्री सोंगं निघतात, आणि ती पाहिल्यावर जत्रेचं नाटक मला जरा अळणीच वाटतं. इथे ड्रेपरी नाही, प्रॉम्प्टर नाही, नवऱ्याचा शर्ट आणि काजळाच्या मिशा एवढ्यावर भागतं. इथे राजे-महाराजे येत नाहीत. इथे दारू पिऊन घर शोधणारा अमुक येतो, इंजेक्शन देताना स्वतःच डोळे मिटणारा डॉक्टर येतो, मतं मागायला आलेला उमेदवार येतो. नाव कुणी घेत नाही, गरजच नसते. पाऊल कसं टाकलं यावरूनच मांड लोळायला लागतो. ज्याचं सोंग, त्याची बायकोच बऱ्याचदा सगळ्यात मोठ्याने हसते.

गेल्या पौषात आमच्या सासूबाई उठल्या. त्यांना आम्ही मांय म्हणतो. गुडघ्यांची तक्रार, म्हणून एरवी पाटावर बसून नुसत्या गातात. त्या दिवशी साडीवर माझी ओढणी टाकून आल्या. डावा खांदा वर उचलून कानाशी फोन धरल्यासारखं केलं, उजव्या हाताने कढीत डाव फिरवायला सुरुवात केली, आणि माझ्याच आवाजात, "हां आई... नाही गं आई... काय सांगू तुला आई..." एवढ्यात काल्पनिक दारातून कुणीतरी आलं. आवाज एकदम खाली, मान वळली, डाव भराभर फिरू लागला आणि शब्द आले, "हो, हो, मांय अगदी बऱ्या आहेत. माझी खूप काळजी घेतात."

मांड पडायचा बाकी होता. माझी जाऊ तर जमिनीवर बसली. मी आवाज कधी खाली आणते हे मांयना माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. बाकीच्या साऱ्या बायकांना बहुतेक दोन्ही माहीत होतं, कारण प्रत्येकीच्या घरात एक फोन आणि एक दार आहेच. मी हसले, दुसरं करणार काय? आणि खरं सांगायचं तर खांद्याची ती तिरकी ठेवण पाहून मला पहिल्यांदा कळलं की माझी मान संध्याकाळी का दुखते.

घरी येताना मी त्यांना सांगून टाकलं, पुढच्या पौषात मी तुम्हाला करणार. "पळोवया," म्हणाल्या. तेव्हापासून पाहुण्यांसमोर गुडघा धरून उठताना त्या आधी मी कुठे आहे ते बघतात.